चित्राच्या पोटातली टीप

डिजिटल चित्राच्या फाइलमध्ये दोन प्रकारची माहिती असते. ज्या आकड्यांवरून पडद्यावर रंग उमटतात ती पहिली. दुसरी त्या चित्राविषयीची: ते कोणी काढले, कधी, कुठे, त्यात कोण आहे. या दुसऱ्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. तिच्यातला बराच भाग, म्हणजे तारीख, वेळ, शटरचा वेग, भिंगाचा तपशील, कॅमेरा आपण होऊन भरतो. पण मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी उभी असलेली बाई कोण, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. ते माणसानेच लिहावे लागते. अशा टिपेसाठी जवळजवळ प्रत्येक चित्र-फॉरमॅटने पहिल्यापासून जागा ठेवली आहे. ती जागा कशी ठरत गेली आणि तिथे लिहिलेले शब्द पुढच्या हातांत गेल्यावर टिकले की गळाले, याचा इतिहास चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे. लिहिण्याची सोय त्यात फार लवकर झाली. टिकवण्याची सोय मात्र अजूनही अर्धीच आहे.

ही गरज डिजिटल युगाच्या कितीतरी आधीची. काचेच्या निगेटिव्हवर काम करणारे छायाचित्रकार पातळ लेपावर टोकदार सुईने क्रमांक, नाव, कधी स्थळही कोरत. १८६३ ते १८७० या काळात भारतात फिरलेल्या सॅम्युअल बोर्नच्या छायाचित्रांवर असे क्रमांक दिसतात. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबईत स्टुडिओ चालवणाऱ्या राजा दीनदयाळांच्या छायाचित्रांवरही ते दिसतात. कोरलेले अक्षर निगेटिव्हचाच भाग झाल्यामुळे तिच्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर ते आपोआप येई. प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराला हे भाग्य नव्हते. तो एका प्रतीपुरता असे, आणि छायाचित्र अल्बममध्ये डकवले की कायमचा झाकला जाई.

१९१४ मध्ये कोडॅकने या गरजेवर एक यंत्रच बाजारात आणले. हेन्री गेसमन या संशोधकाची ती कल्पना, आणि तिच्या पेटंटसाठी जॉर्ज ईस्टमनने तीन लाख डॉलर मोजल्याची नोंद आहे. ‘ऑटोग्राफिक’ नावाच्या या कॅमेऱ्यांच्या पाठीला एक छोटी झडप असे. फिल्म आणि तिच्या मागचा कागद यांच्यामध्ये कार्बनसारखा पातळ पापुद्रा असे. झडप उघडून धातूच्या लेखणीने कागदावर लिहायचे आणि काही सेकंद तिथे उजेड पडू द्यायचा, की दोन चित्रांमधल्या पट्टीवर ते अक्षर उमटे. टीप लिहिण्याची वेळ म्हणजे चित्र काढण्याचीच वेळ, हे या यंत्राचे खरे वैशिष्ट्य. नावे आठवत असतानाच लिहून ठेवण्याची ही सोय १९३०च्या दशकाच्या आरंभी बाजारातून गेली. पुढच्या कॅमेऱ्यांमध्ये ती तितक्या सहजपणे परत आली नाही.

वृत्तसंस्थांनी वेगळी वाट धरली. छायाचित्राच्या कडेला टंकलिखित फोटोओळीची पट्टी चिकटवली जाई. असोसिएटेड प्रेसची तारेवरून छायाचित्रे पाठवणारी सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा फिरत्या दंडगोलावर चित्र आणि पट्टी दोन्ही एकदमच वाचली जात. पलीकडच्या दैनिकात चित्र पोहोचले की ओळ पोहोचलीच. पण ती अक्षरे म्हणजे चित्रातलेच काळे-पांढरे ठिपके. त्यात शोध घेता येत नसे, आणि छापताना पट्टी कापली की ओळही गेली. मजकूर चित्राबरोबर राहावा, तरी चित्रावर दिसू नये, ही मागणी पुरी व्हायला फाइल हा प्रकार जन्माला यावा लागला.

टिपेचा पहिला नीट विचार केला तो खगोलशास्त्रज्ञांनी. अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या वेधशाळांना एकमेकांची निरीक्षणे चुंबकीय फितींवरून वाचता यावीत म्हणून डॉन वेल्स, एरिक ग्राइसन आणि रॉन हार्टन यांनी फिट्स हा फॉरमॅट तयार केला. त्याचे वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने तो स्वीकारला. फिट्सच्या शीर्षभागात ८० अक्षरांच्या ओळी असतात. छिद्रित कार्डाच्या ८० रकान्यांचा तो वारसा. अशा ३६ ओळींचा, म्हणजे २,८८० बाइटांचा एक ठोकळा होतो, आणि हवे तितके ठोकळे जोडता येतात. या ओळींसाठी ठरवलेल्या शब्दांत ‘कॉमेंट’ आणि ‘हिस्टरी’ हे दोन शब्द सुरुवातीपासून आहेत. पहिल्यात मोकळी टीप लिहायची. दुसऱ्यात त्या चित्रावर कोणती प्रक्रिया कधी झाली ते लिहायचे, आणि प्रत्येक पुढच्या प्रोग्रामने आपली ओळ आधीच्या ओळींखाली वाढवायची. मागचे खोडायचे नाही.

या शिस्तीमागे विज्ञानाची निकड आहे. कोणत्या दुर्बिणीतून, कोणत्या गाळणीतून आणि कोणत्या दुरुस्तीनंतर आकडा आला हे हरवले, तर आकड्याला अर्थच उरत नाही. शिवाय मानकात पुढे काहीही बदल झाला तरी जुनी फाइल अवैध ठरता कामा नये, असा दंडक फिट्सने घालून घेतला. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे अभ्यासकांच्या हाती याच फॉरमॅटात पडतात, आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांच्या प्रतिमा जपण्यासाठीही तोच निवडला. टीप टिकवण्याच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांची ही परंपरा सगळ्यांत जुनी आणि आजही सगळ्यांत निकोप आहे. घराघरांत आणि दैनिकांत वापरल्या जाणाऱ्या फॉरमॅटांच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

ते फॉरमॅट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एकापाठोपाठ एक आले. आल्डस कंपनीने १९८६ मध्ये स्कॅनरसाठी टिफ काढला. त्याच्या क्रमांकित खणांपैकी २७० क्रमांकाचा खण चित्राच्या वर्णनाचा. जेफ पॉस्कँझरच्या पीबीएम कुळातल्या साध्या फॉरमॅटांत ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये आणलेल्या गिफच्या १९८९ च्या सुधारित आवृत्तीत टिपेसाठी स्वतंत्र विभाग आला. तो २५५ बाइटांच्या तुकड्यांची साखळी असतो, आणि चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामने त्याच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ही मुभा वरवर निरुपद्रवी दिसते, पण दुर्लक्ष करणारा प्रोग्राम तेच चित्र पुन्हा जतन करतो तेव्हा टीप कुठे जाते? पीबीएमची हत्यारे एकापुढे एक जोडून वापरायची पद्धत होती. पहिले हत्यार चित्र वाचे, टीप सोडून देई, आणि पुढच्याच्या हाती फक्त ठिपके देई. चित्र साखळीच्या टोकाला पोहोचे तेव्हा टिपेचा मागमूस नसे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. टीप पुढे नेण्याची जबाबदारी कोणावर टाकलेलीच नव्हती.

जेपेगच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, कारण जगातली बहुतेक छायाचित्रे याच फॉरमॅटात साठली. १९९२ मध्ये मंजूर झालेल्या या मानकात फाइल लहान-मोठ्या विभागांनी बनलेली असते. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी दोन बाइटांची खूण, आणि बहुतेकांत तिच्यामागे दोन बाइटांत विभागाची लांबी. त्यातली एक खूण टिपेची. लांबीत ते दोन बाइट स्वतःही मोजले जात असल्यामुळे एका विभागात जास्तीत जास्त ६५,५३३ बाइट मजकूर मावतो. म्हणजे एखादे छोटेखानी प्रकरण. पण तो मजकूर कोणत्या भाषेत, कोणत्या अक्षरसंकेतात असावा, याबद्दल मानकात अवाक्षर नाही. इंग्रजी अक्षरांपलीकडचे काही लिहिले की ते वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचे.

इंडिपेंडंट जेपेग ग्रुप या स्वयंसेवी गटाने टॉम लेन यांच्या पुढाकाराने जेपेगचा मुक्त कोड १९९१ पासून उपलब्ध करून दिला. त्याच्यासोबत टिपेसाठी दोन चिमुकली हत्यारे मिळत: एक टीप वाचणारे, दुसरे लिहिणारे. लिहिणारे हत्यार चित्राचे आकडे उलगडत नाही. विभागांची रांग तशीच उतरवून घेते आणि मध्ये आपला विभाग खोचते. जेपेगमध्ये हे फार मोलाचे आहे, कारण चित्र उलगडून पुन्हा दाबले की दर खेपेस त्याचा थोडा कस जातो. टीप घालण्यासाठी चित्राला धक्का लावायची गरज नाही, हे या छोट्या प्रोग्रामने दाखवून दिले. याच गटाच्या तिसऱ्या एका हत्याराने चित्र न बिघडवता फिरवता येते, आणि त्यात वापरणाऱ्याला स्पष्ट निवड दिलेली आहे: जोडमाहिती सगळी ठेवायची, फक्त टिपा ठेवायच्या, की काहीच नाही. काही न सांगितल्यास ते टिपा ठेवते. असे सौजन्य त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्मीळ होते.

टीप जपण्याचा नियम खुद्द फॉरमॅटातच घालण्याचे काम पीएनजीने केले. गिफच्या दाबतंत्रावरील पेटंटाचा वाद १९९४ च्या अखेरीस पेटला, तेव्हा थॉमस बाउटेल आणि इंटरनेटवर जमलेल्या जाणकारांनी मिळून हा फॉरमॅट रचला. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. पीएनजीत प्रत्येक विभागाला चार रोमन अक्षरांचे नाव असते, आणि अक्षर मोठे की लहान यालाही अर्थ असतो. पहिले अक्षर लहान असेल तर तो विभाग न समजल्यासही चित्र दाखवता येते. चौथे अक्षर लहान असेल तर चित्र बदलणाऱ्या प्रोग्रामने तो विभाग, त्यातले काही कळत नसले तरी, जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये उतरवायला हरकत नाही. मजकुराच्या विभागांच्या नावांत ही दोन्ही अक्षरे लहान आहेत. म्हणजे न समजणाऱ्या प्रोग्रामलाही टीप कशी वागवायची हे तिच्या नावावरूनच कळावे, अशी तजवीज. त्याशिवाय शीर्षक, लेखक, वर्णन, स्वामित्व, स्रोत, टीप असे काही मथळे ठरवून दिले. सुरुवातीचा मजकूर-विभाग पश्चिम युरोपीय अक्षरांपुरता होता. १९९९ मध्ये आलेल्या नव्या विभागात युनिकोड आणि भाषेची खूण दोन्ही आली, आणि मराठी टीप ‘मराठी’ म्हणून नोंदता येऊ लागली. रचना म्हणून हे सगळे देखणे आहे. पण छायाचित्रकार पीएनजीत छायाचित्रे ठेवत नाहीत, त्यामुळे जिथे टिपांची सर्वाधिक गरज होती तिथे ही शहाणीव पोहोचलीच नाही.

दैनिकांच्या जगात दरम्यान वेगळीच व्यवस्था आकाराला येत होती. वृत्तसंस्थांच्या दूरसंचारविषयक हितांसाठी १९६५ मध्ये आयपीटीसी ही आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिने १९९०च्या दशकाच्या आरंभी बातमी आणि चित्रे पाठवण्यासाठी एक माहिती-नमुना ठरवला. त्यात मोकळ्या टिपेऐवजी नेमके रकाने होते: मथळा, फोटोओळ, छायाचित्रकाराचे नाव, शहर, देश, श्रेय, शोधशब्द. अडोबीने दशकाच्या मध्यावर हे रकाने फोटोशॉपच्या ‘फाइल इन्फो’ खिडकीत आणले आणि जेपेगच्या पोटात ठेवायची रीत घालून दिली. तेव्हापासून वृत्तछायाचित्रकार मैदानावरून, मोर्च्यातून, न्यायालयाच्या पायऱ्यांवरून फोटोओळ फाइलमध्येच भरून पाठवू लागला. डेस्कवरच्या उपसंपादकाला ओळ विचारायला फोन करावा लागेनासा झाला, आणि संग्रहात शोधशब्द टाकून दहा वर्षांपूर्वीचे चित्र काढता येऊ लागले. कामकाजाच्या दृष्टीने टिपांच्या इतिहासातला हा सगळ्यांत फलदायी टप्पा. रकाने ठरलेले असल्यामुळे शिस्त आली, आणि त्या शिस्तीवर दैनिकांचा पैसा अवलंबून असल्यामुळे ती पाळली गेली.

पण हे रकाने बाइटांनी मोजलेले होते. फोटोओळीला २,००० बाइट, शोधशब्दाला ६४, छायाचित्रकाराच्या नावाला ३२. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तेव्हा हे पुरेसे होते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘दत्तात्रय कुलकर्णी’ या नावाला ५२ बाइट लागतात, म्हणजे नावाच्या रकान्यात ते मावत नाही. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ याला ८१ लागतात, आणि मुंबईच्या छायाचित्रांना हमखास लागणारा हा शोधशब्द ६४च्या मर्यादेत बसत नाही. प्रोग्रामने मर्यादा काटेकोर पाळून बाइट मोजून कापले, तर काप अक्षराच्या मधोमधही पडू शकतो.

अक्षरसंकेताचा घोळ त्याहून जुना. रकान्यातला मजकूर कोणत्या संकेतात आहे हे सांगणारी खूण आयपीटीसीच्या नमुन्यात होती, पण ती सर्रास कोरी राही. मॅकवर मॅकचा संकेत, विंडोजवर विंडोजचा, आणि दुसऱ्या यंत्रावर उघडले की उच्चारखुणांच्या रोमन अक्षरांची रांग. मराठीसाठी याला आणखी एक पदर होता. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली, आणि भारतीय मानक संस्थेचा इस्की हा संकेतही त्याच वर्षी निश्चित झाला. पण मराठी दैनिके आणि छापखाने चालत ते आकृती किंवा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी अशा पॅकेजांवर. त्यांच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. पानावर तो मजकूर उत्तम दिसे, कारण पानाबरोबर फॉन्ट असे. मेटाडेटाच्या रकान्यात फॉन्ट नोंदायला जागाच नाही. असा मजकूर तिथे पडला की आकार जाऊन फक्त रोमन अक्षरे आणि चिन्हे उरतात. मूळ फॉन्ट कोणता होता हे कळले तर परिवर्तकाने ते पुन्हा वाचनीय करता येते. कळले नाही तर ती टीप फाइलमध्ये सुरक्षित असूनही हरवलेलीच असते.

कॅमेरा बनवणाऱ्यांचे मानक जपानमधून आले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये एक्झिफची पहिली आवृत्ती काढली, आणि डिजिटल कॅमेरे घरोघरी पोहोचले तसे ते प्रत्येक जेपेगमध्ये दिसू लागले. त्यात चित्रवर्णनाचा रकाना टिफकडून घेतलेला, म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा. जपान्यांना स्वतःचीच लिपी त्यात लिहिता येईना, म्हणून ‘वापरणाऱ्याची टीप’ असा दुसरा रकाना जोडला. त्याच्या पहिल्या आठ बाइटांत लिपीचा संकेत नोंदायचा: आस्की, जपानी मानक, युनिकोड, किंवा अनिश्चित. मोकळ्या टिपेला स्वतःचा अक्षरसंकेत सांगण्याची सोय जेपेगच्या जगात इथे आली. पण अनेक प्रोग्रामांनी त्या आठ बाइटांकडे पाहिलेच नाही. विंडोज एक्सपीने तर २००१ मध्ये शीर्षक, टीप, शोधशब्द यांसाठी आपलेच वेगळे रकाने एक्झिफमध्ये घातले. ते युनिकोडमध्ये होते, त्यामुळे देवनागरीही मावे. विंडोजबाहेर मात्र ते फारसे कोणी वाचत नसे.

एक्झिफमुळे जपणुकीचा एक अनपेक्षित प्रश्न पुढे आला. प्रत्येक कंपनी आपली खास माहिती एका गुप्त रकान्यात ठेवते आणि तिच्या आतले पत्ते बहुधा फाइलमधल्या ठरावीक अंतरावरून मोजलेले असतात. आधीच्या रकान्यात दोन ओळींची टीप वाढवली की मागचे सगळे सरकते, पत्ते चुकतात, आणि कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती निकामी होते. टीप घालणाऱ्यानेच दुसऱ्याची टीप मोडावी, असा हा प्रकार. कॅनडातल्या फिल हार्वी यांनी २००३ पासून लिहिलेल्या एक्झिफटूल या मुक्त प्रोग्रामने हा पेच संयमाने सोडवला. शेकडो कॅमेऱ्यांच्या गुप्त रकान्यांची रचना एकेक करून उलगडली, आणि लिहिताना पत्ते दुरुस्त करण्याची काळजी घेतली. वस्तुसंग्रहालये, वृत्तसंस्था आणि हौशी छायाचित्रकार यांचे मेटाडेटाचे काम आज मोठ्या प्रमाणात या एका प्रोग्रामवर चालते.

अडोबीने २००१ मध्ये एक्सएमपी आणला. एक्सएमएलवर आधारलेला, पूर्णपणे युनिकोड, रकान्यांच्या लांबीला बंधन नाही, आणि एकाच वर्णनाच्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा प्रती भाषेच्या खुणेसह शेजारी ठेवायची सोय. पुढे २०१२ मध्ये त्याला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. आयपीटीसीनेही आपले रकाने त्यात उतरवले. देवनागरीचे बाइटांचे दुखणे इथे संपते. कॅमेऱ्याच्या ज्या कच्च्या (रॉ) फाइलींना हात लावणे धोक्याचे, त्यांच्यासाठी एक्सएमपीची शेजारी ठेवायची वेगळी फाइलही असते, आणि तिची मोठी अडचण हीच की चित्र हलवताना ती मागे राहते.

जुने रकाने मात्र गेले नाहीत. त्यामुळे एकाच चित्राचे वर्णन एक्झिफमध्ये, आयपीटीसीच्या जुन्या नमुन्यात आणि एक्सएमपीमध्ये अशा तीन ठिकाणी असू शकते, आणि एका प्रोग्रामने त्यातले एकच बदलले तर तिन्ही वेगवेगळे बोलू लागतात. अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया आणि सोनी यांनी मिळून २००६ मध्ये एक कार्यगट केला. त्याने २००८ आणि २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकांत वाचताना कोणाला अग्रक्रम द्यायचा आणि लिहिताना सगळ्यांत एकसारखे कसे लिहायचे, याचे नियम घातले. जुन्या नमुन्याच्या मजकुराचा एक गणिती ठसा फाइलमध्ये ठेवला, तर तो मजकूर मधल्या काळात कोणी बदलला का हे ताडता येते. ही फोटोशॉपची युक्ती त्या नियमांत कामी आली.

एव्हाना टिपेकडे धोका म्हणूनही पाहिले जाऊ लागले होते. जुलै २००० मध्ये सोलर डिझायनर या टोपणनावाने काम करणाऱ्या सुरक्षातज्ज्ञाने नेटस्केप ब्राउझरमधला दोष उघड केला, आणि तो नेमका जेपेगच्या टिपेत होता. लांबीचा आकडा किमान दोन असायला हवा, कारण तो स्वतःलाही मोजतो. कोणी मुद्दाम शून्य किंवा एक लिहिले तर दोन वजा केल्यावर ऋण संख्या येते, प्रोग्राम तिला अवाढव्य लांबी समजतो, आणि स्मृतीत भलत्याच ठिकाणी लिहू लागतो. त्या वाटेने परका कोड चालवता येतो. चार वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या चित्र दाखवणाऱ्या घटकात अगदी हाच दोष सापडला. चित्र नुसते पाहिल्याने संगणक ताब्यात जाऊ शकतो, ही धास्ती तेव्हा पसरली. धोका खासगीपणालाही होता. डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवून निसटलेला अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी याचे छायाचित्र एका नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यातल्या स्थानाच्या आकड्यांवरून तो ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. फाइलमधली माहिती काढून टाकावी, या मताला अशा प्रसंगांनी बळ मिळाले, आणि ते मत निराधार नव्हते.

बहुतेक टिपा मात्र सुरक्षेपायी गेल्या नाहीत, घाईपायी गेल्या. १९९९ च्या फोटोशॉपमध्ये वेबसाठी जतन करण्याची वेगळी सोय आली आणि काही किलोबाइट वाचवण्यासाठी मेटाडेटा गाळण्याची सवय रुळली. संकेतस्थळे चढवलेले प्रत्येक चित्र उलगडून, लहान करून, नव्याने दाबू लागली. या कामासाठी सर्वत्र वापरला गेलेला जीडी हा कोडसंग्रह मूळ टिपेची दखल घेत नसे, पण आपले नाव, आवृत्ती आणि दर्जाचा आकडा मात्र तो जेपेगच्या त्याच टिपेच्या विभागात लिहून ठेवी. गिम्प या चित्रसंपादकाचीही आपल्या नावाची ठरावीक टीप असे. वेबवरच्या असंख्य जेपेगांमध्ये माणसासाठी राखलेल्या जागेत आज यंत्राची ही सही सापडते, आणि चित्रातल्या माणसाचे नाव सापडत नाही. या इतिहासातली ही सगळ्यांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल. नुकसान झाले ते दुर्लक्षामुळे, आणि ते अब्जावधी चित्रांवर झाले.

समाजमाध्यमांनी हा ओघ आणखी वाढवला. आयपीटीसीने २०१३ मध्ये त्यांची पाहणी केली, तेव्हा श्रेय आणि स्वामित्वाचे रकाने अनेक ठिकाणी पुसले जात असल्याचे दिसले. कायदा यात अंशतः मदतीला येतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने स्वामित्वाची माहिती हेतुपुरस्सर काढणे बेकायदा ठरवले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ब हे कलम आले. हक्क-व्यवस्थापनाची माहिती अधिकाराविना जाणूनबुजून काढल्यास किंवा बदलल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कृतीचे शीर्षक, कर्त्याचे नाव, हक्कधारकाचे नाव-पत्ता, वापराच्या अटी हे त्या व्याख्येत येतात. छायाचित्रात कोण उभे आहे हे सांगणाऱ्या टिपेचा तिथे उल्लेख नाही.

घरगुती संग्रहांची वेगळीच गोष्ट आहे. गूगलचा पिकासा हा प्रोग्राम जेपेग चित्राखाली लिहिलेली ओळ फाइलच्या आत, आयपीटीसीच्या रकान्यात ठेवत असे. ॲपलचा आयफोटो ती स्वतःच्या कोशात ठेवी आणि बाहेर काढताना सांगितले तरच फाइलमध्ये घाली. आयफोटोची जागा २०१५ मध्ये दुसऱ्या प्रोग्रामने घेतली, पिकासा २०१६ मध्ये बंद झाला. पिकासात लिहिलेली नावे आजही आयपीटीसीचे रकाने वाचणाऱ्या कोणत्याही दर्शकात वाचता येतात. गूगल फोटोजमधून सगळा संग्रह एकदम उतरवला, तर तिथे लिहिलेले वर्णन चित्राबाहेरच्या वेगळ्या फाइलमध्ये येते आणि ते पुन्हा चित्रात घालायला एक्झिफटूलसारखे हत्यार लागते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो नव्याने दाबला जातो आणि त्यातला मेटाडेटा जातो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोहोचते, टिपेसकट. लग्नाचे, गावच्या जत्रेचे किंवा आजोबांच्या स्कॅन केलेल्या अल्बमचे फोटो नातेवाइकांत फिरतात तेव्हा एवढ्या एका निवडीवर त्यातली नावे राहणे-न राहणे ठरते.

संस्थात्मक पातळीवर गेल्या दीड दशकात परतीची थोडी वाटचाल झाली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०१० मध्ये आपल्या डिजिटल चित्रांत किमान कोणती वर्णनात्मक माहिती आत घालायचीच, याचे नियम काढले. मध्यवर्ती कोश कितीही चांगला असला तरी फाइल त्यापासून सुटी होतेच, हे त्यामागचे गृहीत आहे. गूगलच्या चित्रशोधात २०१८ पासून आयपीटीसीच्या रकान्यांतले कर्त्याचे नाव आणि श्रेय दिसू लागले, आणि २०२० मध्ये परवान्याची खूण आली. ज्यांना चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी पर्यायी वर्णनाचे रकाने आयपीटीसीने २०२१ मध्ये जोडले. त्यामुळे टिपेला पूर्वी नसलेला एक नवा वाचक मिळाला. एक्झिफची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि तिच्यात यूटीएफ-८ मजकुराला अधिकृत स्थान मिळाले. पहिल्या आवृत्तीनंतर अठ्ठावीस वर्षांनी चित्रवर्णनाच्या मूळ रकान्यात देवनागरी लिहिणे नियमाला धरून झाले. जुनी सॉफ्टवेअरे तो प्रकार ओळखत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष वापर हळूहळूच पसरेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांमुळे उगमाच्या नोंदीला नवे महत्त्व आले. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आर्म आणि ट्रूपिक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सी२पीए ही आघाडी स्थापन केली. तिच्या पद्धतीत चित्र कोणी, कशाने बनवले आणि त्यात काय बदलले याची नोंद फाइलमध्ये गणिती सहीसह ठेवली जाते. सही असल्यामुळे नोंदीत केलेली ढवळाढवळ लगेच उघड होते. पण सही असलेली नोंदही मधल्या एखाद्या संकेतस्थळाने गाळली तर जाणारच. म्हणून या पद्धतीत आणखी एक तरतूद आहे. नोंदीची प्रत बाहेरच्या कोशात ठेवायची, आणि चित्राच्या ठिपक्यांतच डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळायची, किंवा चित्रावरून काढलेला गणिती ठसा वापरायचा. फाइलमधला मेटाडेटा पुसला गेला तरी त्या खुणेवरून किंवा ठशावरून कोशातली नोंद पुन्हा शोधून चित्राला जोडता येते.